पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचे जग

उज्जयिनीचा राजा यशोधर याची कथा जैन परंपरेत शतकानुशतके सांगितली जाते. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ या चंपूकाव्यात ती विस्ताराने लिहिली. त्याच शतकात महाकवी पुष्पदंतांनी ती अपभ्रंश भाषेत रचली. अशुभ स्वप्नाच्या शांतीसाठी देवीला पशुबळी द्यावा, असा आग्रह राजमातेने धरला. यशोधराने जीवहिंसेला नकार दिला. अखेर आईच्या शब्दाखातर मधला मार्ग निघाला : पिठाचा कोंबडा करावा आणि त्याचा बळी द्यावा. राजाने त्या कोंबड्यावर शस्त्र चालवले. रक्त सांडले नाही, कोणाचा प्राण गेला नाही. तरीही त्या एका घावाचे फळ म्हणून मायलेकांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींतून अनेक जन्म भटकावे लागले, असे कथा सांगते.

‘कोणी खरे मरत नाही, खेळच तर आहे’ हे वाक्य आज अनेक घरांत ऐकू येते. दुकान वाढवून वडील घरी येतात, आजी सामायिक आटोपून उठते आणि नातू मात्र मोबाईलच्या पडद्यावरून मान वर करत नाही. आजीला त्या खेळात पाप दिसते, वडिलांना वेळेचा अपव्यय दिसतो आणि नातवाला दोघांचेही म्हणणे जुनाट वाटते. या तिघांपैकी कोणाचे किती खरे, हे ठरवण्यापूर्वी ही आभासी जगे कशी चालतात आणि तेथे माणसे कशी वागली, हे पाहणे हिताचे ठरेल.

पहिली वसाहत

साधा संगणकीय खेळ एकट्याने खेळता येतो आणि यंत्र बंद केले की तो संपतो. आभासी जगाचे तसे नाही. एक खेळाडू झोपी गेला तरी ते जग चालू राहते, कारण दुसरे हजारो खेळाडू तेथे वावरत असतात. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी असे पहिले जग रचले. ते केवळ शब्दांचे होते. पडद्यावर चित्र नव्हते. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतील लुकासफिल्म या संस्थेने ‘हॅबिटॅट’ नावाचे सचित्र जग उभे केले. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे शिल्पकार. घरचा लहान संगणक दूरध्वनीच्या तारेने जोडून लोक तेथे प्रवेश करीत. प्रत्येकाला एक चित्ररूप देह मिळे आणि त्या देहाला निर्मात्यांनी संस्कृतातील ‘अवतार’ हे नाव दिले.

जैन दर्शनाला अवतारवाद मान्य नाही. मात्र या शब्दाने एक गोष्ट नकळत स्पष्ट केली. पडद्यावरचा देह बदलता येतो, टाकता येतो. तो चालवणारा जीव बदलत नाही.

एका रात्रीत पाचपट

हॅबिटॅटमध्ये नव्या रहिवाशाला २,००० नाणी मिळत आणि तो ज्या दिवशी येई त्या प्रत्येक दिवसाचे आणखी १०० नाणी मिळत. वस्तू विकणारी यंत्रे होती आणि वस्तू विकत घेणारी यंत्रेही होती. या यंत्रांचे भाव लावताना निर्मात्यांकडून एक चूक राहिली. शहराच्या एका टोकाला ७५ नाण्यांना मिळणारी बाहुली दुसऱ्या यंत्रात १०० नाण्यांना खपत होती. दुसऱ्या एका ठिकाणी १८,००० नाण्यांचा स्फटिकगोल ३०,००० नाण्यांना घेतला जात होता.

व्यापारी वृत्तीच्या काही खेळाडूंना हा फरक दिसला. त्यांनी आपली पुंजी एकत्र केली, बाहुल्या घेतल्या, शहर ओलांडून विकल्या, परत आले, पुन्हा घेतल्या. पुरेसे भांडवल जमताच ते स्फटिकगोलांकडे वळले. रात्रभर फेऱ्या झाल्या. सकाळी निर्मात्यांनी हिशेब पाहिला, तेव्हा त्या जगातील एकूण चलन एका रात्रीत पाचपट झाले होते. आधी त्यांना यंत्रणेत बिघाड झाल्याची शंका आली. चौकशी केली असता खेळाडूंनी ठामपणे कळवले की, धन रास्त मार्गाने मिळवले आहे. मार्ग मात्र सांगणार नाही.

यात खोटे माप नव्हते, बनावट माल नव्हता, कोणा गिऱ्हाइकाची फसवणूक नव्हती. अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार शास्त्राने सांगितले, त्यांपैकी एकही येथे सहजी लागू पडत नाही. खरी परीक्षा धन हाती आल्यानंतरची होती. या नवश्रीमंतांनी ते साठवून ठेवले नाही. त्यातून संपूर्ण वसाहतीसाठी खजिनाशोधाचे आणि इतर खेळ भरवले. खोट्या नाण्यांच्या जगातही धन हाती येताच लोभ किंवा औदार्य यांपैकी एक काहीतरी प्रकट होतेच, आणि ते खोटे नसते.

वधाचा प्रश्न

त्याच वसाहतीत बंदुका होत्या. ज्याला गोळी लागे तो अवतार आपल्या घरी जाऊन पडे. त्याच्या खिशातील सारे नाहीसे होई आणि हातातील वस्तू जागीच राहून मारणाऱ्याला मिळे. लवकरच काहीजण वाटमारी करू लागले. मग वसाहतीत वाद पेटला : येथील वध हा गुन्हा मानावा की खेळाचा भाग? निर्मात्यांनी मत घेतले, तेव्हा रहिवासी जवळजवळ निम्मे-निम्मे विभागले गेले. शेवटी तडजोड झाली. शहराच्या हद्दीत वध आणि चोरी बंद, हद्दीबाहेरच्या रानात मोकळीक.

या वादात एका रहिवाशाने वेगळी वाट धरली. प्रत्यक्ष जीवनात तो ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा धर्मगुरू होता. त्याने हॅबिटॅटमध्ये ‘पवित्र अक्रोड’ असे गमतीदार नाव असलेला एक पंथ स्थापन केला. त्याच्या अनुयायांनी शस्त्र बाळगायचे नाही, चोरी करायची नाही, कोणत्याही हिंसेत भाग घ्यायचा नाही, असा नियम होता. नाव विनोदी असले तरी व्रत गंभीर होते. पंथ लोकप्रिय झाला आणि संस्थापकाला वसाहतीत मोठा मान मिळाला. लुटण्याची पूर्ण मुभा असलेल्या जागी काही माणसांनी आपण होऊन संयम पत्करला, ही गोष्ट श्रावक-श्राविकांना विशेष वाटावी.

अशीच वाट पुढे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या युद्धप्रधान जगात एका खेळाडूने धरली. दोन लढाऊ पक्षांपैकी कोणातही न जाता, एकाही प्राण्याला न मारता, केवळ वनस्पती वेचून आणि खनिजे खणून तो त्या काळच्या सर्वोच्च पातळीपर्यंत पोहोचला. वनस्पतीकाय आणि पृथ्वीकाय यांचा विचार करणारा श्रावक येथे मंद हसेल. परंतु हिंसेवाचून पुढे जाताच येत नाही, हा युक्तिवाद त्या खेळाडूने खोटा ठरवला, हे त्यालाही मान्य करावे लागेल.

ठेव मात्र खरी

कधीकधी खेळातील नुकसान घराच्या तिजोरीपर्यंत येते. लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ हे जग खुले केले. तेथील लिंडन डॉलर खऱ्या डॉलरमध्ये बदलून घेता येत असल्यामुळे तेथे जमिनीचे व्यवहार, भाडे, दुकानदारी आणि सावकारीही सुरू झाली. ‘जिन्को फायनान्शियल’ नावाची एक पेढी ठेवींवर अवाच्या सवा व्याज देऊ लागली. २००७ च्या जुलैमध्ये कंपनीने त्या जगात जुगाराला बंदी केली. त्यानंतर ठेवीदारांची पैसे काढण्यासाठी रीघ लागली. पेढीला रक्कम फेडता आली नाही आणि ऑगस्टमध्ये ती बुडाली. ठेवीदारांची सुमारे ७.५ लाख अमेरिकी डॉलर मूल्याची रक्कम अडकली. जानेवारी २००८ मध्ये लिंडन लॅबला नियम करावा लागला की, प्रत्यक्ष जगातील सरकारी परवान्याशिवाय तेथे कोणीही व्याजाचा व्यवहार करू नये.

व्यापारी घराला यात नवे काही नाही. जो बाजारापेक्षा फार चढे व्याज देतो, त्याची वही आधी पाहावी, हे शहाणपण पेढीवर बसलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने मुलाला दिलेले असते. पडद्यावरच्या पेढीसमोर मुले ते विसरली, कारण ‘खेळच तर आहे’ असे त्यांना वाटले.

आज धोक्याचे रूप आणखी सूक्ष्म झाले आहे. अनेक खेळांत पैसे भरून बंद पेटी घ्यावी लागते. आत काय निघेल हे नशिबावर असते. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. सप्तव्यसनांत द्यूताला पहिले स्थान देणाऱ्या समाजाला हे ओळखण्यासाठी परदेशी निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. पेटी रंगीत आहे आणि रक्कम लहान आहे, एवढ्याने द्यूताचे स्वरूप बदलत नाही.

भाव आणि प्रमाद

तर मग यशोधराच्या कथेचा अर्थ असा घ्यावा काय, की पडद्यावर बाण सोडणारे प्रत्येक बालक दुर्गतीला निघाले? शास्त्राचा विचार इतका उथळ नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमत्त योग ठेवला आहे. यशोधराला कोंबडा पिठाचा आहे हे ठाऊक होते. तरी बळी देण्याचा संकल्प करूनच त्याने शस्त्र उचलले. तो संकल्प खरा होता. म्हणून खेळाकडे पाहताना पडद्यावर काय पडले यापेक्षा मनात काय उठले हे पाहावे. हरल्यावर मूल समोरच्याला शिव्या देते का? फसवून मिळालेल्या वस्तूचा त्याला आनंद होतो का? न मिळालेल्या तलवारीसाठी त्याची झोप उडते का? पहिला क्रोध, दुसरी माया, तिसरा लोभ. कषायांना पडद्याचे आणि प्रत्यक्षाचे अंतर कळत नाही.

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरतीला स्थान आहे. प्रयोजनावाचून होणारे पाप टाळणे हे तिचे मर्म. अपध्यान आणि प्रमादाचरण हे अनर्थदंडाचेच प्रकार. व्यापारात, स्वयंपाकात, शेतात घडणाऱ्या हिंसेला निदान निर्वाहाचे कारण असते. करमणुकीसाठी जोपासलेल्या क्रौर्याला तेही नाही. आजीची चिंता येथे योग्य ठरते. परंतु मित्रांसह घर बांधणारे, बाजार चालवणारे, नकाशे रचणारे खेळही याच जगांत आहेत, हे नातवाचे म्हणणेही तितकेच खरे. वडिलांनी दोघांचे ऐकून वेळेचे परिमाण ठरवावे; परिग्रहाचे परिमाण ठरवणाऱ्या घराला ते अवघड नाही.

खेळ हा धर्माचा वैरी आहे, असे जैन परंपरेने कधी मानले नाही. सापशिडीचे जुने रूप असलेली ज्ञानबाजी जैन घरांत पर्युषण काळात खेळली जाई. ८४ घरांच्या त्या पटावर पापाचे साप आणि पुण्याच्या शिड्या होत्या आणि पटाच्या माथ्यावर मोक्ष होता. खेळता खेळता मूल कर्मसिद्धांत शिकत असे. त्या पटाभोवती घरातील माणसे एकत्र बसत, हीही मोठी गोष्ट होती. नातवाच्या शेजारी बसून त्याचे जग एकदा समजून घेतले, तर आजीलाही त्या पडद्यावर साप कोठे आणि शिडी कोठे हे दाखवता येईल.

संवत्सरीच्या दिवशी सकळ जीवांची क्षमा मागितली जाते. पडद्यावरचा अवतार हा जीव नव्हे. त्याची क्षमा मागण्याचे कारण नाही. मात्र त्या अवतारामागे, कोणत्या तरी दूरच्या गावी, एक खरे मूल बसलेले असते. वर्षभरात त्याला शब्दाने दुखावले असेल, त्याची वस्तू कपटाने घेतली असेल, तर त्या दिवशी नातवाने त्यालाही ‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहून पाठवावे.