परिषद कुणाची? मंचाची की मंडपाची?

काही वर्षांपूर्वी एका जिल्हास्तरीय परिषदेला गेलो होतो. वेळ सकाळी दहाची. उद्घाटन झाले साडेबाराला. मग बावीस जणांचे सत्कार, लांबलचक प्रास्ताविक आणि सात वक्ते. पत्रिकेत दुपारी चारला 'गटचर्चा' छापली होती. सहाला सूत्रसंचालकांनी जाहीर केले, "वेळेअभावी गटचर्चा रद्द करण्यात येत आहे."

माझ्या शेजारी एक माय बसली होती. कापडी पिशवीत गायरान जमिनीच्या दंडाच्या पावत्या आणि पंचनामा. दिवसाची मजुरी बुडवून आली होती. "इथं कुणाला इचारावं, दादा?" एवढेच तिने विचारले. परतीच्या एस.टी.त एक कार्यकर्ता भेटला. त्याने आपल्या गावातील कुटुंबांचे गायरान नियमित करून सातबारा मिळवून दिला होता. दोघेही दिवसभर एकाच मंडपात होते, पण त्यांची गाठ पडली नाही. हा दोष त्या दोघांचा नाही. परिषद आखणाऱ्यांचा आहे.

आमची परंपरा अशी नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. भाषणे तिथेही झाली. पण रात्री विषय नियामक समिती बसली, दुसऱ्या दिवशी ठराव झाले आणि समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी चवदार तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. ऐकायला आलेली माणसे उठली आणि बाबासाहेबांबरोबर चालू लागली. श्रोत्यांचे सत्याग्रही झाले! २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, असे ठराव त्या परिषदेत स्त्रियांनी केले. आज आमच्या परिषदांत स्त्रिया स्वागतगीतापुरत्या आणि स्वयंपाकापुरत्या का?

त्याही मागे जा. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकश्यपांनी प्रश्न विचारले. उपाली आणि आनंदांनी उत्तरे दिली. भिक्खू संघात ठराव तीनदा मांडून संमती घेतली जाई, मतभेद झाल्यास शलाका वाटून मते मोजली जात. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी याच संघाचा दाखला दिला. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम संघाला ठाऊक होते, हे त्यांनी देशाला सांगितले. कोण कुठे बसतो, हाही लोकशाहीचाच प्रश्न आहे.

मग करायचे काय? सत्कार बंद करा. हारांच्या पैशातून वह्या-पेन वाटा. भाषणांना एक तृतीयांश वेळ द्या, उरलेला चर्चेला. पंधरा-वीस जणांचे गट करा. प्रत्येक गटात वेगवेगळ्या गावांची माणसे बसवा. शिष्यवृत्ती, गायरान, स्मशानभूमी, ॲट्रॉसिटीच्या केसेस असा एकेक प्रश्न एकेका गटाकडे सोपवा. ज्याने काम तडीस नेले, त्याने कागद कुठे दिला, कोणता अधिकारी अडला, हे सांगावे. पहिले बोलणे स्त्रियांचे असावे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे म्हणणे तरुणांनी लिहून घ्यावे. ठरावांचे मसुदे पंधरा दिवस आधी वस्तीवस्तीत वाचले जावेत. पुढारी मंचावर नव्हे, गटात सतरंजीवर बसावेत. जेवणही एकाच पंगतीत व्हावे. ओळखी तिथेच होतात. आणि पुढच्या परिषदेची सुरुवात मागच्या ठरावांचे काय झाले, या हिशेबाने व्हावी.

याने वेळ जाईल, गोंधळ होईल, कुणी नेत्याला अडचणीचा प्रश्न विचारील. विचारू द्या! प्रश्नाला भिणारी चळवळ बाबासाहेबांची असूच शकत नाही.

ती माय पुन्हा परिषदेला येईल का, ठाऊक नाही. आली, तर तिची पिशवी मंडपात उघडली गेली पाहिजे. पुढच्या परिषदेची पत्रिका छापायला देण्यापूर्वी आयोजकांनी एवढेच पाहावे : तिच्यासाठी वेळ कुठे ठेवला आहे?

जयभीम!