घरी बांधलेल्या विमानातील बोलण्याचे बटण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विमानाच्या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. वैमानिक बटण दाबून धरतो तोवर रेडिओ प्रक्षेपण करतो आणि ऐकणे बंद असते. बटण सोडले की पुन्हा ऐकू येऊ लागते. या बटणाला पीटीटी म्हणतात. कारखान्यात बनलेल्या विमानात त्याची जागा कंपनीने ठरवलेली असते. अमेरिकेत मात्र हजारो हौशी माणसे गॅरेजमध्ये किंवा हँगरमध्ये स्वतः विमान बांधतात आणि तिथे हा निर्णय बांधणाऱ्याचाच असतो. पुष्कळदा तो अगदी शेवटी, उरलेल्या जागेकडे पाहून घेतला जातो आणि त्यामागे काही घट्ट रुजलेले गैरसमज असतात.

पहिला गैरसमज असा, की बोलणे चार-पाच सेकंदांचे असल्यामुळे बटण पॅनलवर कुठेही चालते. प्रत्यक्षात सर्वांत जास्त बोलावे लागते ते धावपट्टीभोवतीच्या फेरीत, म्हणजे विमान खाली आणि संथ असताना. त्या वेळी एक हात स्टिकवर, म्हणजे नियंत्रणाच्या दांड्यावर, आणि दुसरा इंजिनाची ताकद ठरवणाऱ्या थ्रॉटलवर असतो. पॅनलवरच्या बटणासाठी यातला एक हात नेमक्या त्याच क्षणी उचलावा लागतो. म्हणून बटण अशा हाताखाली हवे, जो आपली जागा सोडत नाही.

तो हात कोणता, हे विमानाच्या रचनेवर ठरते. शेजारी-शेजारी आसने असलेल्या आरव्ही-७ मध्ये थ्रॉटल मधोमध असतो. डावीकडच्या वैमानिकाचा डावा हात स्टिकवर राहतो. उजव्या हाताला थ्रॉटल, फ्लॅप आणि रेडिओची बटणे अशी सगळी कामे असतात. मागे-पुढे आसने असलेल्या आरव्ही-८ मध्ये थ्रॉटल डाव्या बाजूला असतो आणि स्टिक उजव्या हातात. हात बदलला, तरी दोन्हीकडे स्टिक धरणारा हातच जागेवर राहतो. लढाऊ विमानांत बोलण्याचे बटण थ्रॉटलवर असते, म्हणून काही जण तसेच करतात. लढाऊ विमानात वैमानिकाचा हात बहुतांश वेळ थ्रॉटलवरच विसावलेला असतो. पॅनलमधून ओढायच्या-ढकलायच्या नॉबवर हे गणित जमत नाही. बाजूच्या भिंतीवर तरफेसारखा थ्रॉटल असेल, तर मात्र ती जागाही योग्य ठरते.

स्टिकवर बटण कुठे बसवायचे, यावर ‘तर्जनीखाली, बंदुकीच्या चापासारखे’ असे उत्तर सहज दिले जाते. ही जागा वाईट नाही, पण स्प्रिंग हलकी असेल तर धोका आहे. वाऱ्याच्या झोतात उतरताना मूठ आवळली जाते आणि बटण नकळत दाबले जाते. अंगठ्याखालच्या बटणाला हा त्रास कमी. मात्र अंगठ्याजवळ बहुधा ट्रिमचे, म्हणजे स्टिकवरचा जोर कमी-जास्त करणारे, स्विच असतात. बोलायला जाऊन ट्रिम फिरला, तर जमिनीजवळ स्टिक अचानक जड किंवा हलकी होते. दोन्ही बटणांचा आकार आणि स्पर्श इतका वेगळा हवा की न पाहता फरक कळावा. इंजिन सुरू करण्याचे बटण तर स्टिकवर नसलेलेच बरे.

बटण अडकले तर फक्त आपलाच रेडिओ बंद पडतो, हा समज सर्वांत घातक आहे. अडकलेले बटण ती वारंवारता सगळ्यांसाठी अडवून धरते. विमानांचा व्हीएचएफ रेडिओ एएम पद्धतीचा असल्याने दोघे एकदम बोलले की ऐकणाऱ्याच्या कानात नुसती शीळ येते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जंबो जेट विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. त्या अपघाताची कारणे अनेक होती; पण टॉवर आणि पॅन ॲमचे विमान एकाच क्षणी बोलल्याने दुसऱ्या, केएलएमच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये त्यांचे शब्द शिळेत बुडाले, हे त्यातले एक. आता अनेक रेडिओ सुमारे अर्ध्या मिनिटानंतर प्रक्षेपण आपोआप थांबवतात. तरी रेडिओवरची प्रक्षेपणाची खूण डोळ्यांसमोर असलीच पाहिजे, कारण बटण दबलेल्या वैमानिकाला शांतताच ऐकू येते.

वायरिंगबद्दलचा समज असा, की प्रक्षेपणाची सगळी वीज बटणातून जाते, म्हणून जाड वायर आणि दणकट स्विच लागतो. बटण फक्त रेडिओची एक तार ग्राउंडला टेकवते आणि तिच्यातून अगदी किरकोळ प्रवाह वाहतो. २२ गेजची बारीक, अनेक धाग्यांची वायर पुरते. स्विच मात्र दारावरच्या बेलसारखा, दाबेपर्यंतच जोडणारा हवा.

ग्राउंडसाठी वेगळी वायर कशाला, स्टिक धातूचीच आहे, असेही म्हटले जाते. स्टिकच्या बिजागरीत वंगण असते आणि तिथला विद्युत संपर्क भरवशाचा नसतो. ग्राउंडची वायर थेट इंटरकॉम किंवा रेडिओपर्यंत न्यावी. स्टिकमधून वायर बाहेर पडते त्या भोकाला रबरी कडे आणि वायरीला पुरेशी ढील हवी. इथे हयगय करू नये. रेडिओ बंद पडला तरी विमान उडते. वायर नियंत्रणाच्या सांध्यात अडकली, तर उडत नाही.

दोन आसनांची बटणे एकाच तारेला जोडणेही चुकीचे आहे. इंटरकॉमला दोन्ही बटणांच्या वेगळ्या तारा मिळाल्या, तरच दाबणाऱ्याचाच मायक्रोफोन रेडिओला जोडला जातो. प्रवाशाचे बटण तोडणारा एक छोटा स्विच ठेवणे शहाणपणाचे. आवाजाने आपोआप उघडणारा इंटरकॉम बोलणे रेडिओवर पाठवतो, हेही खरे नाही; तो फक्त हेडसेटपुरता असतो.

बोलताना पॅनलवरच्या मापकांचे काटे थरथरले किंवा कानात शिट्टी आली, तर दोष बटणाला दिला जातो आणि त्याची जागा बदलली जाते. खरे कारण बहुधा अँटेनाच्या केबलच्या जोडणीत किंवा अँटेनाखालच्या धातूच्या अभावात असते. फायबरग्लासच्या लाँग-ईझीसारख्या विमानात हा प्रश्न विशेष येतो, कारण तिथे सुमारे ६० सेंटिमीटरच्या पाव-तरंग अँटेनाखाली धातूचा पत्राच नसतो.

बसवलेल्या बटणाची तपासणी जमिनीवर, पट्टे बांधून करावी. स्टिक चारही कोपऱ्यांत टोकापर्यंत न्यावी, मूठ मुद्दाम घट्ट आवळावी, मांडीवर नकाशाची पाटी ठेवून तेच पुन्हा करावे. या साऱ्यात प्रक्षेपणाची खूण एकदाही दिसता कामा नये.