एक तांब्या तुळशीला, एक कोळंबीला

रत्नागिरीच्या माणसाने कोळंबी पाळली, हे कळल्यावर आमच्या मित्रमंडळींत जो हशा पिकला तो अजून थांबलेला नाही. "सोलकढी कधी?" हा प्रश्न प्रत्येक पॉटलकला ठरलेलाच. पण आमची कोळंबी खाण्याची नव्हे. ती साधारण इंचभर लांब, लालचुटुक आणि गोड्या पाण्यातली. दुकानात तिला 'चेरी श्रिंप' म्हणतात. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी, माहेर चीन-तैवानकडचं. तिकडच्या ओढ्यांत ती मातकट रंगाची असते. हा लाल रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास करून आणलेला.

लेकीला हवा होता कुत्रा. तडजोड म्हणून दहा गॅलनची, म्हणजे साधारण ३८ लिटरची, काचेची टाकी घरात आली. आम्ही पेशाने इंजिनीअर, त्यातून इथे मास्टर्स करताना कंट्रोल सिस्टिम्स घोकलेल्या. ३८ लिटर पाणी ताब्यात ठेवायचं त्यात काय मोठंसं? नळाचं पाणी भरलं, क्लोरीन मारणारं औषध घातलं आणि दुसऱ्याच दिवशी दहा कोळंब्या सोडल्या. आठवड्यात एकही उरली नाही.

चूक घाईची होती. उरलंसुरलं अन्न आणि विष्ठा कुजून पाण्यात अमोनिया होतो, तो विष. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते थोडं असेल तर चालतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात मुक्काम ठोकायला चारसहा आठवडे घेतात. आमच्या सौ.नी हे सगळं एका वाक्यात सांगितलं, "अहो, विरजण लावल्याशिवाय दही लागतं का?" मग एका मित्राच्या जुन्या टाकीतला स्पंज आणून आमच्या टाकीत पिळला, पाच आठवडे कळ काढली आणि पुन्हा दहा आणल्या.

या दहा रुळल्या. दिवसभर शेवाळावर आणि दगडांवरच्या बुळबुळीत थरावर हात मारत बसतात, थांबणं म्हणून नाही. वाढताना कात टाकतात. पहिली कात पाहून लेक रडली, तिला वाटलं कोळंबी मेली. (ती कात काढू नये. तीच पुन्हा खाऊन त्या आपलं कॅल्शियम वसूल करतात.) मादी वीस-तीस अंडी पोटाखाली बाळगते आणि पायांनी त्यांना सारखा वारा घालते. तीनेक आठवड्यांनी दोन मिलिमीटरची पिल्लं बाहेर पडतात, हुबेहूब आईसारखी. त्यांना ओढून घेणार नाही असा स्पंजाचा फिल्टरच लावावा. सप्टेंबरपर्यंत आम्ही चाळीसपर्यंत मोजल्या आणि नाद सोडला.

ऑक्टोबरात आई आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अरे, हा तर जवळा! याचं कालवण करायचं सोडून यालाच खायला घालताय?" पण दोन दिवसांत पालकाचं पान उकडून टाकीत सोडायचं काम तिने आपणहून घेतलं. आम्ही दोघं नोकरीवर, लेक शाळेत. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात घरात कोंडलेल्या म्हाताऱ्या माणसाची दुपार किती लांब असते, हे आपण सगळेच जाणतो आणि बोलत नाही. तिची खुर्ची टाकीपाशी सरकली.

जानेवारीत कोळंब्या मरू लागल्या. रोज दोन, मग चार. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पाणी ७२ डिग्री फॅरनहाइट. सगळं जागच्या जागी! एकच गोष्ट खटकली. फर्नेस दिवसरात्र चालू, हवा कोरडी, तरी काचेवर केलेल्या खुणेखाली पाणी उतरतच नव्हतं. संध्याकाळी आईला विचारलं.

"उतरेल कसं? मी घालते ना रोज. तुळशीला एक तांब्या, यांना एक. साधं नव्हे हं, रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं. आपल्याला चांगलं ते त्यांना नको?"

कळशी ती गावाहून बॅगेत घालून आणलेली, रोज चिंचेने लख्ख घासलेली. दुकानातून तांबं तपासायचा संच आणला. पाण्याचा रंग बदलला.

कोळंबीच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं, तांबंच असतं, म्हणून ते निळसर. पण लागतं तेवढं ती अन्नातून घेते. पाण्यात विरघळलेलं तांबं थोडं जरी वाढलं तरी ते तिच्या कल्ल्यांवर जातं. माणूस आणि बरेचसे मासे जेवढं सोसतात तेवढं तिला सोसत नाही. माशांच्या कित्येक औषधांतही तांबं असतं, तेव्हा बाटलीवरचं वाचल्याशिवाय टाकीत काही घालू नये. आमच्या टाकीत तर रोज भर पडत होती. पाणी उडून जात होतं, तांबं मागे राहत होतं. दुसरंही काही कारण असेल, छातीठोक सांगता येणार नाही, पण हिशेब जुळत होता.

आईला सांगायचं का? आम्ही दोघांनी रात्री स्वयंपाकघरात कुजबुजत ठरवलं, नाही. "नळाचं पाणी बिघडलंय" म्हणून वेळ मारून नेली. रोज पाचवा हिस्सा पाणी बदललं, फिल्टरपाशी कार्बनची पिशवी टाकली. पण लेकीला कोण आवरणार? "आजी, तुझ्या पाण्यात कॉपर होतं. त्याने मेल्या त्या."

आई काही बोलली नाही. खुर्ची खिडकीकडे गेली. तीन दिवस तिने टाकीकडे पाहिलं नाही आणि तुळशीलाही नळाचंच पाणी घातलं. आम्ही समजूत काढायला गेलो तर, "मला काय कळतंय त्यातलं," एवढंच.

चौथ्या दिवशी शाळेत जाण्याआधी लेकीने स्टीलच्या गडूत पाणी भरलं, क्लोरीनचं औषध मोजून घातलं आणि गडू आजीच्या हातात दिला. "आजी, हे आजचं. खुणेपर्यंतच हं." संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा खुर्ची पुन्हा टाकीपाशी होती.

सात वाचल्या. मार्चमध्ये त्यांतल्या एकीच्या पोटाखाली अंडी दिसली. ती पहिल्यांदा आईनेच पाहिली. एप्रिलमध्ये ती परत गेली, कळशी मात्र इथेच ठेवून. आता रविवारी व्हिडिओ कॉल लागला की आमची खुशाली नंतर, आधी फर्मान सुटतं, "फोन खाली धर. त्या दगडामागे दाखव. अजून खाली."