लंडन गाठणारी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार खोपोलीच्या घाटात का तापते?

एमजी म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर हेक्टर किंवा कॉमेट येते. या ब्रँडची मालकी आता चिन्यांकडे आहे. पण एमजी म्हणजे मुळात मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचं एक गाड्यांचं दुकान. या दुकानाच्या नावाने बनलेल्या लांब बॉनेटच्या, उघड्या टपाच्या, तारांच्या चाकांच्या छोट्या गाड्यांनी जगाला स्पोर्ट्स कारचं वेड लावलं. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला, पण वेड काही गेलं नाही.

2023 साली अहमदाबादच्या एका कुटुंबाने या वेडाची कमाल केली. त्यांच्याकडे 1950 सालची एमजी वायटी होती, लाल रंगाची, म्हणून नाव ‘लाल परी’. एसटीवाली नव्हे, ही वेगळी! वायटी म्हणजे एमजीच्या स्पोर्ट्स कारचं 1250 सीसीचं इंजिन बसवलेली चार जणांची उघडी गाडी. अशा जेमतेम 877 गाड्या बनल्या होत्या. ती नीट दुरुस्त करून एकाच घरातल्या तीन पिढ्या निघाल्या आणि समुद्राचा टप्पा जहाजाने पार करत थेट अ‍ॅबिंग्डनला पोहोचल्या. गाडी जिथे जन्मली, तिथे 73 वर्षांनी परत गेली.

आता तुम्ही म्हणाल, अशी गाडी लंडनपर्यंत जाते, तर मुंबईहून लोणावळ्याला जायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही. फक्त मध्ये खालापूर तालुका लागतो आणि खोपोलीनंतर बोरघाट.

पाचशे मीटर उंच, पंधरा किलोमीटरच्या आसपास

मुंबईहून जुन्या रस्त्याने निघालं की पनवेल, चौक, खालापूर, खोपोली असा रस्ता सपाट आहे. चौकला डावीकडे कर्जतचा फाटा फुटतो. इथपर्यंत जुनी गाडी मजेत पळते. एक्सप्रेसवेपेक्षा हा रस्ता तिला मानवतो, कारण साठ-सत्तरचा वेग हीच तिची खरी चाल. शंभरने धावणाऱ्या गाड्यांच्या मध्ये साठने चालणं धोक्याचंच.

खरा प्रश्न पुढे आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही आत आहे आणि लोणावळा सहाशेच्या वर. म्हणजे माणसांसकट टनभर वजन पंधरा-सोळा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून जास्त उचलायचं. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला तेव्हा तो बैलगाड्यांसाठी होता. आजही शिंग्रोबाच्या देवळाशी ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात, ते उगाच नाही.

इंजिन तापतं कशामुळे?

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा जुन्या इंजिनात जेमतेम पाव भाग चाकांच्या कामाला येतो. बाकीची उष्णता असते. तिचा काही भाग सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. चढावर इंजिन जास्त काम करतं, म्हणजे उष्णताही जास्त.

आजच्या गाडीत विजेवर चालणारा पंखा असतो. गाडी उभी असली तरी तो गरजेप्रमाणे सुरू होतो. जुन्या गाडीचा पंखा बेल्टने इंजिनला जोडलेला असतो. इंजिन हळू, तर पंखाही हळू. घाटात तुम्ही एखाद्या भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलात की समोरून वारा येत नाही आणि पंखाही जोर धरत नाही. नेमकी तेव्हाच उष्णता सर्वांत जास्त असते.

दुसरं कारण दाबाचं. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. आजच्या गाड्यांची कूलिंग सिस्टीम तशीच बंद असते. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत मात्र दाब धरणारं झाकणच नव्हतं. शंभर अंश झाले की वाफ.

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना हे चित्र ओळखीचं असेल. घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली फियाट, हातात पाण्याचा कॅन घेतलेले बाबा आणि मागच्या सीटवर कंटाळलेली पोरं.

पेट्रोल बदललं, गाडी तीच

आता एक नवीन अडचण आली आहे. देशभरातल्या पंपांवर आता ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. सत्तर वर्षांपूर्वीच्या गाड्या ते गृहीत धरून बनल्या नव्हत्या.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. नव्या गाडीचा कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही, कार्ब्युरेटर आहे. त्यामुळे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आणि गाडी चढावर अडखळते. शिवाय इथेनॉल जुने रबरी पाइप आणि सील खराब करतं, हवेतलं पाणीही शोषतं. पावसाळाभर गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत हे पाणी साठत राहतं.

यावर उपाय आहेत. या गाड्यांच्या एसयू कार्ब्युरेटरला खालून एक नट असतो, तो फिरवून पेट्रोलचं प्रमाण वाढवता येतं. पाइप आणि सील इथेनॉल सहन करणारे बसवावे लागतात. गाडी ‘रिस्टोअर’ केली म्हणजे फक्त रंग आणि क्रोम चकचकीत केलं असं नाही, खरं काम या न दिसणाऱ्या पाइपांत असतं.

उतार जास्त धोक्याचा

चढताना गाडी फार तर बंद पडेल. उतरताना ब्रेक गेले तर?

1950 च्या आसपासच्या एमजीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सतत दाबून ठेवले की ड्रम तापतो, फुगतो आणि ब्रेक लागेनासे होतात. म्हणून घाटातला जुना नियम पाळायचा: ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा. ब्रेक थोडा वेळ दाबा, सोडा, थंड होऊ द्या. पहिला गिअर मात्र आधीच टाकायला हवा. या गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो, त्यामुळे चालत्या गाडीत तो सहज पडत नाही.

खोपोलीतल्या मेकॅनिककडे पाना मिळेल?

मेकॅनिक हुशार असेल, पण त्याच्याकडचा पाना बसेलच असं नाही. त्या काळच्या एमजीच्या इंजिनाची एक गंमत आहे. नट-बोल्टचे आटे मेट्रिक मापाचे, पण डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. कारण ज्या कारखान्यात ही इंजिनं बनत, तो पूर्वी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. मशिनरी फ्रेंच मापाची, हातातले पाने इंग्रजी! म्हणून व्हिटवर्थ पान्यांचा सेट गाडीतच ठेवावा लागतो.

मोबाइल चार्जरही जपून. या गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. आजचा चार्जर तसाच जोडला तर शॉर्ट होऊ शकतो. मॅप बघायला पॉवर बँक न्या.

आणि कागदपत्रं?

लोक इथेच फसतात. 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी सुरू केली. नवीन नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती चालवता येते. म्हणजे व्हीए नंबर घेऊन कुटुंबासोबत कर्जतच्या फार्महाउसवर वीकेंड, हे नियमात बसत नाही.

साधी नोंदणी कायम ठेवली तर फिरता येतं, पण दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांहून जुन्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 10 हजार झालं, आयात केलेल्या चारचाकीसाठी 80 हजार. त्यामुळे गाडी विकत घेण्याआधी आरसी कोणत्या प्रकारची आहे ते बघा. दोन-तीन वर्षं मेहनत करून गाडी उभी करायची आणि मग ती रस्त्यावर आणता येत नाही हे कळायचं, यापेक्षा वाईट काय?

मग जायचं कसं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, भल्या पहाटे. हवा थंड आणि घाटात ट्रकांची रांग कमी. खोपोलीत चढाआधी थांबा, पाणी, ऑइल आणि फॅन बेल्ट बघा. काटा वर जायला लागला की उकळी फुटायची वाट न बघता सुरक्षित जागी बाजूला घ्या. इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेने हात भाजतो. गार पाणीही एकदम ओतू नका, तापलेल्या इंजिनला तडा जाऊ शकतो.

लाल परी लंडनला पोहोचली, पण एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने. घाटातही तेच करायचं. गाडी थांबा म्हणाली की थांबायचं. शिंग्रोबापाशी नाणं टाकायला सगळेच थांबतात, तेवढ्या वेळात इंजिनही जरा निवतं.