विमान प्रतिकृती संच

विमान प्रतिकृती संच म्हणजे एखाद्या विमानाचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले सुटे भाग. हे भाग जोडून व रंगवून त्या विमानाची स्थिर, म्हणजे न उडणारी प्रतिकृती तयार केली जाते. आजचे बहुतेक संच पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. मर्यादित संख्येत निघणाऱ्या संचांसाठी रेझिनही वापरले जाते. बाल्सा लाकडाची किंवा फोमची उडणारी विमाने बनवण्याचा छंद, म्हणजेच एरोमॉडेलिंग, याच्या जवळचा असला तरी वेगळा आहे. तेथे विमान उडणे महत्त्वाचे असते, तर येथे ते मूळ विमानासारखे अचूक दिसणे महत्त्वाचे असते. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत या दोन्ही प्रकारांना स्थान आहे.

संच प्रत्यक्षात उडालेल्या विमानांचे असतात, तसेच कधीच न बांधलेल्या विमानांचेही असतात. कागदावरच राहिलेल्या आराखड्यांच्या प्रतिकृती बनवणारा मोठा वर्ग जगभर आहे. अशा प्रतिकृतीला ताडून पाहण्यासाठी मूळ विमानच नसते, त्यामुळे तिची विश्वसनीयता सर्वस्वी उपलब्ध आराखड्यांवर अवलंबून राहते. भारतीय विमानांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

प्रमाण

सर्वाधिक प्रचलित प्रमाण १/७२ हे आहे. ब्रिटिश मोजमापात एक इंच म्हणजे सहा फूट असे हे प्रमाण असल्याने सहा फूट उंचीचा वैमानिक त्यात बरोबर एक इंचाचा होतो. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील 'स्कायबर्ड्स' या लाकडी संचांनी ते रूढ केले. १९३६ मध्ये 'फ्रॉग' कंपनीने 'पेंग्विन' या नावाने प्लॅस्टिकचे संच याच प्रमाणात बाजारात आणले. पेंग्विन हा न उडणारा पक्षी असल्याने न उडणाऱ्या प्रतिकृतींना त्याचे नाव दिले गेले. याखेरीज १/१४४, १/४८, १/३२ आणि १/२४ ही प्रमाणेही प्रचलित आहेत.

दुसऱ्या महायुद्धात या छंदाला लष्करी उपयोग लाभला. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी विद्यार्थ्यांकडून १/७२ प्रमाणाच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. शत्रूचे विमान आकृतीवरून ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी त्या हव्या होत्या. या प्रमाणातील प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली की सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते.

१/७२ प्रमाणात प्रतिकृतीवरील एक मिलिमीटरची चूक मूळ विमानावर ७.२ सेंटिमीटरची ठरते. संचांच्या परीक्षणांमध्ये पंखाच्या जाडीवरून किंवा नाकाच्या गोलाईवरून होणारे वाद बाहेरच्याला क्षुल्लक वाटतात, ते या हिशेबामुळे.

निर्मिती आणि जोडणी

वितळवलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरून सुटे भाग पाडले जातात. भाग एका चौकटीला चिकटलेले असतात. ते कापून, कडा घासून, द्रावणासारख्या गोंदाने जोडले जातात. हा गोंद प्लॅस्टिक किंचित वितळवून दोन भाग एकजीव करतो. सांध्यांतील फटीत लांबी भरून ती पॉलिश पेपरने घासतात. त्यानंतर रंग दिला जातो आणि शेवटी पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे, क्रमांक व पट्टे लावले जातात.

पोलादी साचा अतिशय महाग असतो. हजारो संच विकले जाण्याची खात्री असेल तरच मोठ्या कंपन्या तो खर्च करतात. म्हणून स्पिटफायर किंवा मस्टँग यांचे संच प्रत्येक प्रमाणात आणि अनेक कंपन्यांचे मिळतात. ब्रिटनच्या 'एअरफिक्स'ने १९५० च्या दशकात विमानांच्या संचांची सुरुवात स्पिटफायरनेच केली. याउलट थोड्या संख्येत बांधलेली विमाने लहान उत्पादकांकडे जातात. ते रबराच्या साच्यात रेझिन ओततात किंवा कमी टिकणारे स्वस्त साचे वापरतात. तेही नसेल तर छंदिकाला प्लॅस्टिकचे पत्रे कापून सारे भाग स्वतःच घडवावे लागतात.

न बांधलेली विमाने

कागदावरच्या विमानांमध्ये सर्वाधिक संच दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातील जर्मन आराखड्यांचे आहेत. फोके-वुल्फ कंपनीचे 'ट्रीबफ्लुगेल' हे त्याचे टोकाचे उदाहरण. धडाभोवती फिरणाऱ्या तीन पंखांच्या टोकांना इंजिने बसवून सरळ वर उडण्याची ही कल्पना प्रत्यक्षात कधीच आली नाही, पण तिचे संच अनेक कंपन्यांनी काढले आहेत. त्याच कंपनीच्या कुर्ट टांक यांनी योजलेल्या टीए १८३ या जेट लढाऊ विमानाचेही संच मिळतात. युद्धानंतर टांक अर्जेंटिनाला गेले व तेथे त्यांनी 'पुल्की २' हे विमान उडवले. त्यात टीए १८३ मधील कल्पनांचा प्रभाव स्पष्ट आहे. पुढे १९५६ मध्ये ते भारतात आले आणि बंगळूरमध्ये 'एचएफ-२४ मारुत'चे शिल्पकार ठरले. टीए १८३, पुल्की आणि मारुत या तिघांच्या प्रतिकृती एकाच प्रमाणात शेजारी ठेवल्या, तर एका अभियंत्याची वाटचाल नजरेसमोर उभी राहते. मात्र मारुत हे टीए १८३ चेच रूप आहे असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे होईल, कारण मारुतला दोन इंजिने आहेत आणि त्याची रचना स्वतंत्र आहे.

प्रवासी विमानांमध्ये बोईंग २७०७ या अमेरिकी स्वनातीत विमानाचा उल्लेख करावा लागेल. त्याची पूर्णाकृती लाकडी प्रतिकृती तयार झाली होती, विमान कंपन्यांनी आगाऊ मागणीही नोंदवली होती आणि त्यांत त्या काळी मुंबईत मुख्यालय असलेली एअर इंडियाही होती. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने निधी थांबवल्यावर प्रकल्प संपला. त्यामुळे एअर इंडियाच्या रंगातले २७०७ फक्त प्रतिकृतीतच पाहता येते. अशी प्रतिकृती निव्वळ कल्पनेवर आधारलेली नसते, तिच्यामागे नोंदवलेली मागणी आणि सविस्तर आराखडे असतात.

याच्या अगदी विरुद्ध प्रकार 'एफ-१९'चा. १९८६ मध्ये अमेरिकेच्या 'टेस्टर्स' कंपनीने रडारला न दिसणाऱ्या एका गुप्त विमानाचा संच या नावाने विकायला काढला. त्याची विक्रमी विक्री झाली व अमेरिकी काँग्रेसमध्येही त्यावरून चर्चा झाली. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकी सरकारने खरे विमान, एफ-११७, जाहीर केले. संचातील विमान गोलसर होते, तर खरे विमान सपाट पैलूंचे निघाले. एफ-१९ नावाचे विमान मुळी अस्तित्वातच नव्हते.

वालचंदनगर आणि भारतीय विमाने

भारतीय विमाननिर्मितीचा आरंभ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या उद्योगातून झाला. सोलापूरला जन्मलेल्या वालचंदांनी इंदापूर तालुक्यात, नीरा खोऱ्यात, साखर कारखान्याभोवती उभी केलेली वसाहत म्हणजे वालचंदनगर. तेथील यंत्रनिर्मिती कारखाना पुढे अवकाश कार्यक्रमासाठी अग्निबाणांची आवरणे बनवू लागला. विमानाचा कारखाना मात्र वालचंदनगरला झाला नाही. म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरमध्ये 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' कंपनी स्थापन झाली. अमेरिकेचे विल्यम पॉली तिच्या उभारणीत सहभागी होते. १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा भारत सरकारने विकत घेतला. १९६४ पासून ही कंपनी हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने ओळखली जाते.

या कारखान्यात प्रथम जोडले गेलेले विमान म्हणजे 'हार्लो पीसी-५' हे दोन आसनी अमेरिकी प्रशिक्षण विमान (१९४१). त्यानंतर 'कर्टिस हॉक' लढाऊ विमानाची जोडणी झाली. यातील हॉकचे संच सहज मिळतात. युद्धकाळात विष्णू माधव घाटगे यांच्या आराखड्यानुसार 'जी-१' हे सैनिक वाहून नेणारे इंजिनविरहित विमान तयार झाले. जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेल्या घाटगे यांचे हे विमान भारतीय आराखड्यानुसार बांधलेल्या पहिल्या विमानांपैकी होते, पण ते एकच बांधले गेले. त्यांचेच 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले आणि मोठ्या संख्येत बांधले गेले. १/७२ प्रमाणात त्याचा पंखविस्तार सुमारे १५ सेंटिमीटर भरतो. अशा विमानांसाठी स्वनिर्मितीचाच मार्ग बहुधा उरतो.

लढाऊ विमानांची स्थिती थोडी बरी आहे. नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यात बांधलेल्या मिग-२१ चे संच विपुल आहेत, कारण ते अनेक देशांच्या वायुसेनांत होते. भारतीय चिन्हे लावली की काम भागते. नॅट विमानाचा संच एअरफिक्सने काढला, तर त्याच्या सुधारित भारतीय रूपाचा, म्हणजे 'अजित'चा संच चेक प्रजासत्ताकातील 'स्पेशल हॉबी'ने काढला. १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले मारुत एवढे भाग्यवान ठरले नाही. त्यासाठी योजलेले शक्तिशाली इंजिन मिळाले नाही आणि अपेक्षित वेग त्याला कधीच गाठता आला नाही. आरबी १९९ इंजिने बसवून त्याचे 'एचएफ-७३' हे पुढचे रूप करण्याचा प्रस्तावही कागदावरच राहिला. न बांधलेल्या विमानांत रस असणाऱ्या भारतीय छंदिकांचा हा आवडता विषय आहे.

आराखडा आणि पुरावा

मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवले, असे सांगितले जाते. त्याचे छायाचित्र किंवा मोजमापांसह आराखडा उपलब्ध नाही, समकालीन निर्विवाद पुरावाही नाही. त्यामुळे मरुत्सखाची कोणतीही प्रतिकृती ही बनवणाऱ्याची कल्पना असते आणि तसे तिच्या पाटीवर लिहिणे आवश्यक आहे.

'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील रुक्म, शकुन, सुंदर आणि त्रिपुर विमानांची गोष्ट निराळी आहे. त्यांची चित्रे उपलब्ध आहेत, म्हणून प्रतिकृतीही बनवता येतात. ही चित्रे विसाव्या शतकात काढलेली आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये ग्रंथाची चिकित्सा केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातील एकही विमान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात झालेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवरील निबंधामुळे हा वाद पुन्हा उफाळला. रुक्म विमानाची सुबक प्रतिकृती प्रदर्शनात ठेवली की पाहणाऱ्याला ते विमान होते असे वाटू लागते. एफ-१९ च्या ग्राहकांनाही तसेच वाटले होते.

मारुतच्या बाबतीत असा संशय उरत नाही, कारण खरे विमान मोजता येते. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात मारुत ठेवलेले आहे. मूळ लांबी १५.८७ मीटर आणि पंखविस्तार ९ मीटर असल्याने १/७२ प्रमाणात प्रतिकृती २२ सेंटिमीटर लांब आणि १२.५ सेंटिमीटर रुंद भरली पाहिजे. पुतळ्यासारख्या उभ्या ठेवलेल्या विमानांना मात्र बरेचदा मूळ रंगाऐवजी नवा रंग दिलेला असतो, म्हणून त्यांच्यावरून आकार घ्यावा आणि रंग सेवेतील छायाचित्रांवरून ठरवावा.