गळतीचा माग

मोटार ही दिसायला लोखंडाची वस्तू असली, तरी तिचे चालणे बव्हंशी द्रवपदार्थांवर अवलंबून असते. पेट्रोल जळून तिला शक्ती देते. वंगणतेल इंजिनातील भागांची झीज कमी करते. पाणी तापलेल्या इंजिनास थंड राखते. आणि ब्रेकचे तेल चालकाच्या पायाचा दाब चाकांपर्यंत नेऊन पोचवते. हे सारे पदार्थ आपापल्या नळ्यांत व टाक्यांत बंदिस्त असावे लागतात. मोटार जुनी झाली, की या बंदोबस्तात कोठेतरी फट पडते आणि उभ्या मोटारीखाली जमिनीवर डाग दिसू लागतो.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर मार्गालगत घणसोली गाव आहे. तेथील जुन्या वस्तीतल्या एखाद्या गल्लीत एक ‘प्रीमियर पद्मिनी’ उभी आहे, अशी कल्पना करू या. ही मोटार खाडीपलीकडे, मुंबईतील कुर्ला येथे तयार होत असे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली कंपनी तेथे इटलीच्या ‘फियाट’ मोटारीच्या नमुन्यावर ही मोटार बांधी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली, की कित्येक वर्षे हीच आकृती डोळ्यांपुढे येई. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे, २००३ साली नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजूनही पाहावयास मिळतात, आणि त्यांच्या मालकांना गळती हा विषय चांगलाच परिचयाचा असतो.

जुनी मोटार गळते ती का? दोन धातूंच्या सांध्यात बूच, कागद किंवा रबर यांचे जे पातळ अस्तर बसवतात, त्यास गास्केट म्हणतात. उष्णतेने ते वर्षानुवर्षे आक्रसत जाते. फिरत्या दांड्याभोवतीचे रबरी कडे, म्हणजे ऑइल सील, कडक होऊन झिजते. त्यातच घणसोलीसारखे गाव ठाणे खाडीच्या काठी. तेथील दमट व खारी हवा पत्र्याला आणि लोखंडी नळ्यांना गंज चढवते.

डाग दिसला म्हणजे पहिला प्रश्न असा, की हे सांडले आहे तरी काय? मोटारीखाली रात्री एक स्वच्छ, पांढरा पुठ्ठा सरकवावा आणि पुढची चाके कोठे आहेत, याची त्यावर खूण करावी. सकाळी पुठ्ठाच पुष्कळ सांगतो. काळपट, बुळबुळीत थेंब पुढच्या बाजूस असेल, तर ते इंजिनाचे तेल. त्याहून दाट, गंधकासारख्या उग्र वासाचे तेल गिअरच्या पेटीतून किंवा मागच्या दांड्यातून आलेले असते. हिरवा अथवा गुलाबी, किंचित गोडसर वासाचा थेंब रेडिएटरमधील कूलंटचा होय. तो विषारी असल्याने चाखून पाहण्याचा मोह कोणी धरू नये. पेट्रोल पुठ्ठ्यावर टिकत नाही, उडून जाते; त्याचा वासच त्याची वर्दी देतो, आणि तो आला, की काडी ओढणे दूरच, मोटार सुरूदेखील करू नये. चाकाच्या आतल्या बाजूस फिकट पिवळा, पातळ व निसरडा ओघळ असेल, तर तो ब्रेकच्या तेलाचा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सप्तरंगी तवंग दिसतो, तोही तेलाचा किंवा पेट्रोलचाच. पाण्यावर ते अतिशय पातळ पसरते, म्हणून ते रंग उमटतात.

आता खरा शोध सुरू होतो. थेंब जेथे पडतो तेथेच तो गळतो, असे समजणे ही या कामातील सर्वांत महाग चूक होय. तेल उंचावरून निघते, इंजिनाच्या अंगावरून ओघळते, चालत्या मोटारीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, आणि सर्वांत खालचे टोक सापडेल तेथून टपकते. पद्मिनीच्या इंजिनाच्या माथ्यावर टॅपेटचे पत्र्याचे झाकण असते. त्याखालचे गास्केट खराब झाले, तर तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरून गिअरच्या पेटीच्या तोंडाशी थेंब धरते. ते पाहून उतावळा मिस्त्री म्हणतो, “मागचे सील गेले!” ते सील बदलण्यासाठी गिअरची पेटी उतरवावी लागते. म्हणजे अल्पमोलाच्या गास्केटसाठी दोन दिवसांचे काम व हजारो रुपयांचा खर्च. आणि तिसऱ्या दिवशी थेंब पुन्हा हजर!

जाणता मिस्त्री याउलट प्रथम इंजिन धुतो. ते पुरते निवाल्यावर रॉकेल व ब्रश घेऊन सारा चिकटा काढतो, कोरडे पुसतो आणि रॉकेलचा वासही जाऊ देतो. मग संशयाच्या जागी अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरतो. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद केले, की पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ उमटलेली असते. त्या रेघेवरून खालून वर जात राहावे. सर्वांत वरचा ओला बिंदू, तेच गळतीचे उगमस्थान.

झाकणाचे बोल्ट सैल असतील, तर ते बेताने आवळावेत. फार आवळले, तर पत्रा वाकतो आणि गळती वाढते. नवे गास्केट बसवूनही तेल येतच राहिले, तर इंजिनाचा श्वासमार्ग, म्हणजे ब्रीदर, तपासावा. इंजिनाच्या पोटात साठणारे वायू या नळीतून बाहेर पडतात. ती काजळीने तुंबली, की आतला दाब वाढतो व तो धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर रेटतो. अशा वेळी दोष सीलचा नसतो.

एका थेंबाने काय बिघडते, असे कोणी विचारील. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. मिनिटास एक थेंब पडला, तर दिवसाचे १,४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. महिन्याचे दोन लिटरांहून अधिक! लहान मोटारीच्या इंजिनात तेल असते तेच मुळी तीन-चार लिटर. आणि गल्लीत सांडलेले तेल पावसाच्या पहिल्या सरीबरोबर गटारात, गटारातून नाल्यात व नाल्यातून खाडीतल्या खारफुटीत जाते. इंजिन धुतलेले रॉकेलही म्हणूनच डब्यात साठवायचे असते.

पाण्याच्या गळतीचा शोध सायकलच्या पंक्चरसारखाच आहे. रेडिएटर काढून, त्याची तोंडे बंद करून तो पाण्याच्या हौदात बुडवतात व आत हवा भरतात. बुडबुडे येतील तेथे छिद्र. जुने रेडिएटर पितळ-तांब्याचे असल्याने तेथे डाग देऊन छिद्र बुजवता येते. प्रवासात अडलेले चालक रेडिएटरमध्ये हळद टाकतात, आणि बारीक छिद्र तेवढ्यापुरते बंद होतेही. परंतु तीच हळद पुढे बारीक नळ्यांत साचून बसते. पाण्याच्या पंपाखाली एक लहानसे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले, तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे, हा त्याचा हेतू. ते छिद्रच लांबी भरून बुजवणारे बहाद्दरही आढळतात! गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी क्षणात तोंडावर उसळते.

इंजिनाच्या तेलाचा एखादा थेंब, पातळी राखून, चार दिवस सोसता येतो. ब्रेकच्या तेलाचा एकही थेंब सोसता येत नाही. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम. चालकाच्या पायाने दिलेला दाब त्याच नियमाने चारही चाकांशी जातो. तेल गळून नळीत हवा शिरली, की हवा दबते, दाब पुढे जात नाही, आणि पेडल पायाखाली मऊ लागून तळाशी टेकते. कित्येक जुन्या मोटारींत चारही चाकांस मिळून एकच मार्ग असतो. एका चाकाशी गळती झाली, तरी सारेच ब्रेक जातात. अशी मोटार जागची हलवू नये, मिस्त्रीलाच तेथे बोलवावे.

तो जॅकने चाक उचलतो, खाली भक्कम आधार देतो (नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कोणी शिरू नये), ड्रम उघडतो आणि चाकाच्या सिलिंडरातील रबरी वाट्या बदलतो. तेलाने भिजलेले ब्रेकचे अस्तरही बदलावे लागते. त्यानंतर नळीत शिरलेली हवा काढायची. मदतनीस पेडल दाबून धरतो. मिस्त्री चाकामागचा बारीक नट किंचित सैल करतो. तेलाबरोबर बुडबुडे निघतात. नट आवळल्यावरच पेडल सोडायचे. चारही चाकांशी हे पुनःपुन्हा करावे लागते, आणि प्रत्येक खेपेस वरच्या डब्यात ताजे तेल घालून पातळी राखावी लागते, नाहीतर तेथूनच पुन्हा हवा आत जाते. अखेर नुसते तेल येऊ लागते व पेडल पायाखाली घट्ट लागते. मग मिस्त्री ते मिनिटभर जोराने दाबून धरतो, ते खाली सरकत नाही ना ते पाहतो, आणि मोटार प्रथम मोकळ्या जागेत, अगदी सावकाश चालवून थांबवतो.