स्वाक्षरीपूर्वीचे प्रश्न : आयव्हीएफ उपचार घेऊ इच्छिणाऱ्या दांपत्यांसाठी

विवाहाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे चौकशी होते ती सुनेची. मंदिरात, लग्नकार्यात, चातुर्मासातील प्रवचनाहून परतताना तिला विचारले जाते. मुलाला सहसा कोणी विचारीत नाही. वैद्यकशास्त्र मात्र असा भेद मानीत नाही. अपत्यप्राप्तीत अडचण येणाऱ्या दांपत्यांपैकी जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष हे एकमेव अथवा सहभागी कारण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी ही अडचण येते. आपल्या समाजातही ती विरळ नाही. तिच्याविषयी बोलले जात नाही, इतकेच.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, बँकेच्या सेवेतून निवृत्त झालेला मनुष्य आहे. मुदत ठेव मोडावी की सोने तारण ठेवावे, हे विचारण्यासाठी परिचयातील जी दांपत्ये माझ्याकडे येतात, त्यांतील काहींच्या हाती आयव्हीएफ केंद्राचे अंदाजपत्रक असते. त्यांच्यासमवेत ते कागद वाचताना जे प्रश्न वारंवार पुढे आले, ते येथे मांडीत आहे. उपचारांचा निर्णय अर्थातच तज्ज्ञ डॉक्टरांनीच करावयाचा आहे.

पहिला प्रश्न असतो, डॉक्टरांकडे केव्हा जावे? वर्षभर नियमित प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास जावे. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. पहिल्याच भेटीला पती-पत्नी दोघांनी जावे. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, वेदनारहित आणि अल्पखर्चाची तपासणी आहे. तिच्यासाठी दोन ते सात दिवसांचा संयम पाळावा लागतो, एवढेच. असे असूनही पत्नीच्या गर्भनलिकांची तपासणी होऊन जाते, तिच्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते आणि पतीची तपासणी ‘नंतर पाहू’ म्हणून राहून जाते, असे प्रकार मी पाहिले आहेत. याला अन्याय याखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही. थायरॉइड, एएमएच, सोनोग्राफी या तपासण्यांनंतर अनेकांना केवळ औषधांनी अथवा आययूआयसारख्या साध्या उपायाने गुण येतो. गर्भनलिका बंद असणे, शुक्राणूंची संख्या फारच कमी असणे, वय अधिक असणे अथवा साधे उपाय निष्फळ ठरणे, अशा परिस्थितीत आयव्हीएफचा विचार होतो.

ही पद्धती आता नवलाईची राहिलेली नाही. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊन जन्मली. त्यानंतर सत्तरच दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. परंतु सरकारी समितीने त्यांचा दावा अमान्य केला आणि १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली. तिला देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानले गेले. मुखर्जींच्या कार्याला पुढे मान्यता मिळाली, पण ती त्यांच्या हयातीनंतर.

प्रत्यक्षात काय घडते? साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने घेऊन स्त्रीच्या अंडाशयात एकाच वेळी अनेक बीजे वाढविली जातात. शेवटचे इंजेक्शन ठरलेल्या घटकेला द्यावे लागते. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी थोड्या वेळाच्या भुलीखाली बीजे बाहेर काढतात. प्रयोगशाळेत त्यांचा शुक्राणूंशी संयोग घडवून तिसऱ्या अथवा पाचव्या दिवशी भ्रूण गर्भाशयात सोडतात किंवा गोठवून ठेवतात. भ्रूण सोडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत रक्ततपासणी होते. या काळात स्त्रीने अंथरुणाला खिळून राहण्याची आवश्यकता नसते. अशा विश्रांतीने यश वाढत नाही, हे सिद्ध झालेले आहे. मात्र इंजेक्शनांनंतर पोट फुगणे, झपाट्याने वजन वाढणे, धाप लागणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसल्यास केंद्राला तत्काळ कळवावे. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत हा धोका अधिक असतो.

‘आमच्या केंद्राचे यश सत्तर टक्के’ अशी जाहिरात वाचून दांपत्ये येतात. बँकेत आम्ही टक्केवारी पाहिली की आधी विचारीत असू, ही कशाची टक्केवारी? तोच प्रश्न येथे विचारावा. रक्ततपासणी होकारार्थी येणे, सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसणे आणि मूल सुखरूप जन्मणे या तीन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीकडून तिसरीकडे येईपर्यंत आकडा घटत जातो. छेदस्थानीही तसेच आहे. उपचार सुरू केलेल्या सर्व स्त्रिया मोजल्या, की ज्यांच्यात भ्रूण सोडता आला तेवढ्याच? ज्यांची बीजे वाढलीच नाहीत त्यांना वगळले की टक्केवारी आपोआप वाढते. म्हणून विचारावे ते असे : पत्नीच्या वयोगटातील किती स्त्रियांनी गेल्या वर्षी येथे उपचार सुरू केले आणि त्यांतील किती मूल घेऊन घरी गेल्या? पस्तिशीनंतर यशाचे प्रमाण उतरू लागते आणि चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांनी यश मिळणे बरेच कठीण होते.

खर्चाविषयी. एका प्रयत्नासाठी साधारण दीड ते अडीच लाख रुपये सांगितले जातात. केंद्र आणि शहर यांनुसार फरक पडतो. अंदाजपत्रकात इंजेक्शने धरली आहेत काय? भुलीचे शुल्क, गोठवणीचे शुल्क, पुढच्या वेळी गोठविलेला भ्रूण सोडण्याचे शुल्क? गोठवणीचे वार्षिक भाडे हे लॉकरच्या भाड्यासारखे असते. पहिल्या वर्षी नगण्य वाटते, पुढे त्याचा विसर पडतो. पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज चौदा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता साडेअकरा हजारांच्या वर जातो, आणि प्रयत्न फसला तरी तो फेडावाच लागतो. आरोग्य विम्यावर विसंबू नये. बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात. काही पॉलिसी प्रतीक्षाकालानंतर मर्यादित रक्कम देतात, तेव्हा कलम स्वतः वाचावे. गोवा मेडिकल कॉलेजमध्ये बांबोळी येथे २०२३ मध्ये ही सेवा विनामूल्य सुरू झाली, ती बातमी वाचून मला फार समाधान वाटले. एकूण किती प्रयत्न करावयाचे आणि कोणत्या रकमेपलीकडे जावयाचे नाही, हे पती-पत्नींनी पहिल्या इंजेक्शनापूर्वीच ठरवावे. अपयशाच्या दुःखात असा हिशेब होत नाही.

आपल्या वाचकांचे काही प्रश्न अन्यत्र क्वचितच विचारले जातात. उपचारकाळात उपवास, आयंबिल करावे काय? इंजेक्शने चालू असताना शरीराला पाणी आणि प्रथिने यांची गरज असते. पाणी वर्ज्य करणारे तप या काळात घातक ठरू शकते. डॉक्टरांना आपले व्रत स्पष्ट सांगावे. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांच्या मनात अडचण येते ती त्या शेवटच्या इंजेक्शनाची, कारण ते बहुधा रात्री उशिरा असते. परंतु ते पोटात घ्यावयाचे नसते. पोटात घ्यावयाच्या गोळ्या सूर्यास्तापूर्वी बसविता येतील काय, हे विचारावे, पुष्कळदा येतात.

औषधांच्या उगमाविषयीही विचारण्यात संकोच नसावा. प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. तेच औषध जेल अथवा इंजेक्शनच्या रूपातही मिळते. काही स्त्रियांना दिले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यांच्या अस्तरापासून काढलेले असते. पर्याय आहे काय, हे डॉक्टरांनाच विचारावे. परस्पर औषध बंद करू नये.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र उरलेल्या भ्रूणांचा आहे. समजा, बारा बीजे मिळाली, त्यांतील आठांचा संयोग झाला आणि चार भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढले. एक सोडला, मूल झाले. उरलेल्या तिघांचे काय? २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण अधिकाधिक दहा वर्षे ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ दिले जातात अथवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला दिले जातात. दुसऱ्या दांपत्याला ते देता येत नाहीत. गर्भाच्या आरंभापासूनच जीवाचे अस्तित्व मानणाऱ्या कुटुंबाने यावर विचार करावा तो संमतिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी. माझ्याकडे आलेल्या एका दांपत्याला हे गोठवणीच्या भाड्याची दुसरी पावती आली तेव्हा समजले. संमतिपत्राच्या वीस पानांवर त्यांनी भुलीपूर्वी दहा मिनिटांत सह्या केल्या होत्या. त्या सुनेचे पुढचे पर्युषण कसे गेले, ते मी जाणतो.

मार्ग आहेत. मोजक्याच बीजांचा संयोग करावा आणि उरलेली बीजे संयोगाविनाच गोठवावीत, अशी विनंती करता येते. त्याने यशाची शक्यता थोडी घटते, हे डॉक्टर सांगतील, आणि ते खरे आहे. एका वेळी एकच भ्रूण सोडण्याचा आग्रहही धरावा. जुळ्यांत अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि मातेला रक्तदाब यांचा धोका वाढतो. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी केव्हाही संमती मागे घेण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. कल्पसूत्रातील गर्भसंक्रमणाचा प्रसंग पुढे करून काही जण या उपचाराचे समर्थन करतात. दिगंबर परंपरा तो प्रसंग मानीत नाही, आणि मला स्वतःला पवित्र चरित्रातून प्रयोगशाळेची अनुज्ञा शोधणे रुचत नाही. मनात शंका असेल तर आपल्या गुरुजनांना मोकळेपणाने विचारावे.

केंद्र निवडताना त्याचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. या कायद्यानुसार नोंदणी अनिवार्य आहे. पत्नीचे वय २१ ते ५० आणि पतीचे २१ ते ५५ असावे लागते. ‘मुलगाच होईल’ असे सुचविणाऱ्या केंद्रातून तत्क्षणी उठून यावे, तो गुन्हा आहे.

एका आजोबांनी मला विचारले होते, दात्याच्या बीजापासून झालेल्या नातवाचे नाव ठेवीला नामनिर्देशित लावता येईल का? कायद्याने तो त्या दांपत्याचाच जैविक पुत्र मानला जातो, दात्याचा त्याच्यावर कोणताही हक्क उरत नाही, आणि बँक तर हा प्रश्न विचारीतही नाही. नातू अज्ञान असल्याने त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे नाव तेवढे अर्जात भरावे लागते. त्यांनी तेथेच सुनेचे नाव लिहिले.